खरखर पुसा, टेप पुसू नका

डिसेंबर २०२५ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'विश यू वेअर हिअर' या अल्बमच्या पन्नाशीचा बॉक्स सेट आला आणि त्यात कंपनीने एका प्रेक्षकाने लपूनछपून केलेलं रेकॉर्डिंग अधिकृत म्हणून घातलं. २६ एप्रिल १९७५, लॉस एंजेलिसचं स्पोर्ट्स अरीना. रेकॉर्ड करणारा माइक मिलार्ड, नाकामिची ५५० नावाचा कॅसेट रेकॉर्डर आणि एकेजीचे चांगले माइक लपवून आत नेणारा एक रसिक, जो १९९४ मध्ये वारला, म्हणजे त्याला हा दिवस बघायला मिळालाच नाही. टेपची साफसफाई केली स्टीव्हन विल्सनने, जो स्वतः संगीतकार आहे आणि जुन्या रेकॉर्डिंगचं असं काम करतो. तेव्हापासून आमच्यासारख्या, या संगीतात आयुष्य घातलेल्या लोकांत जो वाद पेटलाय तो मी ऐकतोय आणि मला खरंच वाईट वाटतंय, कारण तो फार वाईट पद्धतीने घातला जातोय. एक गट म्हणतो, चोरीच्या मालावर कंपनीने शिक्का मारला, आता उद्या कुणीही मोबाइल घेऊन घुसेल. दुसरा म्हणतो, बघा, सिद्ध झालं, कला सगळ्यांची असते, कॉपीराइट वगैरे सगळं थोतांड. आणि तिसरा, जो सगळ्यात तावातावाने बोलतो, तो म्हणतो की विल्सनने त्या टेपला हात लावला तिथेच ती मेली, आम्हाला आमची खरखर परत द्या.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुर्मिळ लाइव्ह रेकॉर्डिंग जपणं, दुरुस्त करणं आणि एक पैसाही न घेता वाटणं हे योग्य आहे, नुसतं योग्य नाही तर ते कुणीतरी केलंच पाहिजे असं काम आहे. पण त्याला दोन अटी आहेत आणि त्यात सूट नाही. एक, विकायचं नाही. दोन, साफ केलेल्या कॉपीसोबत मूळ टेपचं जसंच्या तसं ट्रान्सफर, म्हणजे काहीही न बदलता उतरवलेली डिजिटल फाइल, ठेवायचं आणि मधे काय काय केलं ते लिहून ठेवायचं. टेप कुणाच्या मालकीची, यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण पन्नास वर्षांनी ती टेप वाजणार आहे का आणि वाजली तर त्यात त्या रात्रीचं किती शिल्लक असणार आहे, हे कुणी विचारतच नाही.

आता हा प्रश्न प्रोग रॉकच्या, म्हणजे फ्लॉइडसारख्यांच्या लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉक संगीताच्या, बाबतीत जास्त का टोचतो ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की स्टुडिओतला अल्बम चांगला स्वच्छ मिळतो ना, मग कशाला ही धडपड. अहो, हे बँड गाणी स्टेजवर घडवायचे. पिंक फ्लॉइडने 'डार्क साइड ऑफ द मून' पहिल्यांदा वाजवायला घेतला तो २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमधे, अल्बम आला मार्च १९७३ ला. म्हणजे तब्बल चौदा महिने ते लोकांसमोर गाणी बदलत होते, काढत होते, घालत होते. त्या ब्रायटनच्या रात्री तर मधेच यंत्रणा बिघडली आणि तो भाग अर्धवट सोडावा लागला. १९७५ च्या त्या लॉस एंजेलिसच्या रात्री जी पहिली दोन लांबलचक गाणी वाजली ती दोन वर्षांनी 'ॲनिमल्स'मधे आली, पण नावं बदलून, शब्द बदलून, चालीसुद्धा ठिकठिकाणी बदलून. आपल्याकडे ज्याने ख्याल ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तबकडीवरचा साडेतीन मिनिटांचा यमन आणि मैफिलीतला तासाभराचा यमन यात जो फरक, तोच इथे. अल्बम म्हणजे एका दिवशीचा निकाल, लाइव्ह टेप म्हणजे त्या मागचा सगळा विचार. किंग क्रिमसन या दुसऱ्या प्रोग बँडची पहिली जोडणी, म्हणजे वादकांचा पहिला संच, तर एप्रिल १९६९ मधे स्टेजवर आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचं वाजवून फुटली. आठ महिने! त्यांचा स्टुडिओ अल्बम एकच. बाकी ते काय होते हे कळायचं तर टेपच, आणि त्यातल्या बऱ्याचशा टेप कुणीतरी प्रेक्षकांत बसून केलेल्या किंवा रेडिओवरून उतरवलेल्या.

आता विरोधकांची बाजू, आणि ती हलकी नाही. सगळ्यात वजनदार मुद्दा कलाकाराच्या संमतीचा. १९७४ च्या हिवाळ्यात फ्लॉइड इंग्लंडमधे फिरत होते, स्टोकच्या एका शोचं रेकॉर्डिंग कुणीतरी केलं, त्याची बऱ्यापैकी नीटनेटकी छापील एलपी निघाली आणि दुकानांतून इतकी खपली की बऱ्याच लोकांना तो बँडचा नवा अल्बमच वाटला. त्यावरची तिन्ही गाणी तेव्हा कुठेच अधिकृत आलेली नव्हती. विचार करा, तुम्ही एक कादंबरी लिहिताय, अर्धवट खर्डा चार मित्रांना वाचून दाखवला आणि पुढच्या महिन्यात तो तुमच्या नावाने रेल्वे स्टेशनवर विकायला! राग येणारच. किंग क्रिमसनचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप तर आयुष्यभर या बाबतीत कडक राहिला, त्याच्या शोमधे रेकॉर्डिंग काय, फोटो काढणंसुद्धा चालत नसे, कारण त्याच्या मते वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात त्या क्षणी जे घडतं ते यंत्राने मधे घुसून बिघडवायची गोष्ट नाही. आपल्या केसरबाई केरकरांचंही असंच, रेकॉर्डिंगला त्या सहजासहजी तयार होत नसत. या माणसांना 'जुन्या वळणाची' म्हणून उडवून लावणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो.

पण तरीही. पहिली गोष्ट, स्टोकचा गुन्हा नेमका कोणता होता? खर्डा चोरून विकला, आणि तोही मूळ वस्तू बाजारात यायच्या आधी. यात दोन वेगळी पापं आहेत, विकणं आणि घाई. १९७४ ला ती दोन्ही खरी होती. आज, ती गाणी अधिकृत येऊन पन्नास वर्षं होत आली असताना, कुणी ती टेप फुकट दिली तर नेमकं कुणाचं काय जातं? कलाकाराचा नकार खरा असतो, पण तो दर वर्षी त्याच ताकदीचा राहतो का? आणि दुसरी गोष्ट, शो हा खर्डा असला तरी तो घरात वाचलेला खर्डा नव्हता, हजारो लोकांनी तिकिटं काढून तो ऐकला. स्टुडिओतून पळवलेले डेमो, कुणाच्या घरातून उचललेल्या टेप, यांच्या बाजूने मी एक शब्द बोलणार नाही, ती सरळ चोरी आहे. पण जे चारचौघांत वाजलं ते चारचौघांच्या आठवणीचा भाग झालेलं असतं आणि आठवण जपायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि फ्रिपचंच बघा ना. त्याच्या कंपनीने १९९७ मधे 'एपिटाफ' नावाने १९६९ चे शो बाहेर काढले, पुढच्या वर्षी संग्राहकांसाठी क्लब काढला, नंतर शोमागून शो डाउनलोडला ठेवले, आणि त्यात प्रेक्षकांनी केलेली रेकॉर्डिंगही आहेत, तसं स्पष्ट सांगून ठेवलेली. १९६९ चा लंडनच्या हाइड पार्कमधला तो प्रसिद्ध शो, रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवलेला, आज ऐकायला मिळतो तो कुणा अनोळखी माणसाने गर्दीत धरलेल्या रेकॉर्डरमुळे. मी हे फ्रिपचा दुटप्पीपणा म्हणून सांगत नाहीये. उलट मला हा त्याचा प्रामाणिकपणा वाटतो, की तत्त्व आपल्या जागी ठेवून त्याने हे ओळखलं की टेप नसती तर ती रात्र नसती.

नसती म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. भास्करबुवा बखल्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही. एकही नाही. १९२२ ला बुवा गेले, बालगंधर्वांचा गुरू, 'स्वयंवर'च्या चाली ज्यांनी बांधल्या तो माणूस, आणि त्यांचा आवाज कसा होता हे आज पृथ्वीवर कुणालाही माहीत नाही. अल्लादियाखाँ साहेब १९४६ पर्यंत होते, मुंबईत होते, कोल्हापुरात होते, ग्रामोफोन कंपन्या तेव्हा जोरात होत्या, तरी खाँसाहेबांचाही आवाज नाही. शिष्यांच्या गळ्यातून जे आलं तेवढंच. त्या काळी कुण्या एका माणसाने, परवानगी असो नसो, पडद्यामागे मशीन लावलं असतं तर आज आपण त्याला चोर म्हटलं असतं की त्याच्या पाया पडलो असतो? केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मधे व्हॉयेजर यानावरून सूर्यमालेबाहेर निघाली याचा आपल्याला केवढा अभिमान, आणि ती गेली कारण बाई एकदा का होईना मशीनसमोर बसल्या होत्या.

'जपायचं काम अधिकृत संस्था करतील, कंपन्या करतील, हौशी लोकांनी नाक खुपसू नये' असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, केलं का त्यांनी? बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग पडते म्हणून आणि कपाटात जागा नाही म्हणून कार्यक्रमच्या कार्यक्रम पुसले. 'डॉक्टर हू' मालिकेचे नव्वदहून जास्त भाग चित्रासकट गेले, पण गंमत अशी की त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण घरोघरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसली होती. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसांत, जुलै १९६९ ला, पिंक फ्लॉइडने बीबीसीच्या कार्यक्रमात जिवंत वाजवलं होतं. तो कार्यक्रम बीबीसीकडे राहिला नाही, संगीताचा आवाज तेवढा वाचला. आपल्याकडचं याहून वेगळं नाही, किती मैफिली आज आपल्याला ऐकायला मिळतात त्या कुणा वकिलाच्या, कुणा डॉक्टरच्या घरातल्या स्पूलमुळे, हे पुण्या-मुंबईत गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोठी घरं पुसतात आणि छोटी घरं जपतात, हे इतक्यांदा झालंय की याला अपवाद म्हणायला मी तयार नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मी विरोधकांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. बूटलेगच्या, म्हणजे अशा चोरट्या रेकॉर्डिंगच्या, एलपी छापून गबर झालेल्यांनी वाजवणाऱ्याला दमडी दिली नाही आणि ज्याने जीव धोक्यात घालून टेप केली त्यालाही नाही. मिलार्डबद्दल असं सांगतात की तो कॉपी देताना प्रत्येकीत कुठेतरी बारीकशी खूण ठेवायचा, म्हणजे उद्या ती विकायला आलीच तर कुणी फितुरी केली ते कळावं. म्हणजे ज्याला चोर म्हणतात त्याचाच विक्रीला सगळ्यात जास्त विरोध! टेपची देवाणघेवाण करणाऱ्या लोकांत हा नियम पहिल्यापासून होता, कोरी कॅसेट पाठव, टपालखर्च पाठव, बाकी काही नको. 'फुकट वाटणं आणि विकणं यात काय फरक, दोन्हीत मालकाला पैसे मिळत नाहीतच' असं जे म्हणतात त्यांनी ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं उदाहरण बघावं. ते प्रोग नव्हेत, माहितीये, पण १९८४ पासून त्यांनी टेप करणाऱ्यांना शोमधे वेगळी जागाच दिली, करा रेकॉर्ड, वाटा, विकू नका. बँड बुडाला का? अजून लोक त्यांच्या एकेका शोच्या अधिकृत सीडी विकत घेतात, तोच शो फुकट मिळत असताना.

आता साफसफाईकडे येतो, कारण माझा खरा जीव इथे अडकलाय. 'हात लावू नका' म्हणणारे लोक कॅसेट म्हणजे काय हे विसरतात. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते, तीही बॅटरीवर चालणाऱ्या मशीनवर, बॅटरी उतरत जाते तसा वेग बदलतो. हळू वेगात भरलेली टेप नीट वेगाच्या डेकवर लावली की ती घाईने वाजते, सूर चढतो. अशी टेप समोर आली की मी काय करतो सांगतो. दोन गाण्यांमधली शांतता शोधतो, जिथे टाळ्या विरल्यात आणि पुढचं सुरू व्हायचंय. तिथे अँप्लिफायरचा जो बारीक गुणगुण ऐकू येतो ना, तो विजेचा असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, इंग्लंडात आणि आपल्याकडे ५० ची. कॉम्प्युटरवर तो गुणगुण मोजला आणि अमेरिकेतल्या शोमधे तो ६१.८ निघाला, तर टेप तीन टक्के जोरात पळतेय, म्हणजे सूर जवळपास अर्धा सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मा) वर गेलाय. म्हणजे तुम्ही तीस वर्षं जे 'अस्सल' म्हणून ऐकत होतात त्यात त्या गायकाचा आवाजच खोटा होता! मग अस्सल कुठलं, ती वर चढलेली टेप की खाली आणलेली? तसंच डेकच्या हेडशेजारचा तो एवढासा स्क्रू. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं हेड आणि तुमच्या मशीनचं हेड एका कोनात नसेल तर वरचे सूर सगळे मंद होतात, गोधडीतून ऐकल्यासारखे. छोट्या स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू केसभर फिरवत जायचं आणि कान लावून बसायचं, एका जागी झांजा एकदम उघडतात, जसं कुणी खिडकी उघडावी. यात खोटं काय केलं? हे न करणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं मला कुणी पटवून द्यावं.

पण हीच साफसफाई पुढे जाते तेव्हा काय होतं तेही मला माहीत आहे, आणि ते मी स्वतःच्या हाताने केलंय. २००८ च्या सुमाराला मित्राच्या थोरल्या भावाने अमेरिकेतून आणलेली एक कॅसेट माझ्याकडे आली, किंग क्रिमसनचा १९७४ चा एक शो, कितव्या हातची कॉपी देव जाणे. मी ती डिजिटल केली, दीड तासाची फाइल, नऊशे एमबीच्या आसपास. सॉफ्टवेअरमधे खरखर काढायची सोय होती, ती मी पार शेवटपर्यंत ओढली, आणि निकाल ऐकून हरखून गेलो, काय शांतता, काय स्वच्छ! डिस्कवर जागा कमी होती म्हणून मूळ फाइल उडवली, साफ केलेल्याची एमपीथ्री ठेवली. दोन वर्षांनी चांगले हेडफोन आले तेव्हा तीच ऐकायला बसलो. एका ठिकाणी सगळे वाद्य थांबतात आणि बँडच्या डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन अगदी शून्यातून, श्वासासारखं वर येतं. माझ्या फाइलमधे ते येतच नव्हतं. आधी निव्वळ शांतता आणि मग अचानक मधूनच व्हायोलिन सुरू. सॉफ्टवेअरला तो हळू आवाज खरखरच वाटला आणि त्याने तो कापला. झांजांच्या जागी पाण्याखाली चिमण्या किलबिलाव्यात तसलं काहीतरी. धावत जाऊन कॅसेट काढली तर मधल्या पावसाळ्यांत फितीवर पांढरी बुरशी चढलेली, वेटोळी एकमेकांना चिकटलेली. मी ती सोडवायला गेलो आणि ती तुटली. ते दहा सेकंदांचं व्हायोलिन माझ्या घरात होतं आणि आता नाही. त्यानंतर मी आजपर्यंत एकही मूळ फाइल पुसलेली नाही.

म्हणून 'सामान्य माणसाला खरखर नको असते, त्याला साफच द्या' हा मुद्दाही मला पटतो आणि तरी अर्धाच पटतो. द्या की साफ. पण त्याच्या शेजारी मूळ ठेवा. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण, सत्तेचाळीस वर्षं. बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून बघितली. मुख्य संपादक सुकथनकरांनी आणि नंतरच्या संपादकांनी काय केलं? त्यांना जो पाठ जुना आणि विश्वासाचा वाटला तो वर छापला, आणि काश्मीरच्या पोथीत काय आहे, दक्षिणेतल्या पोथीत काय आहे, ते सगळे पाठभेद खाली त्याच पानावर दिले. वाचकाला वाटलं की संपादक चुकला, तर त्याला स्वतः तपासता येतं. पोथ्या जाळून टाकून फक्त 'शुद्ध' महाभारत छापलं असतं तर? चाळीस हजारांचं प्रेक्षागृह असो की चारशेचं, टेप साफ करणं हे मला अगदी तेच काम वाटतं. कुठली टेप, कितव्या पिढीची (म्हणजे कॉपीची कितवी कॉपी), कुठल्या डेकवर वाजवली, वेग किती टक्के बदलला, कुठे दोन टेपा जोडल्या, खरखर किती काढली, हे खाली लिहा. हौशी लोक हे लिहितात, कित्येक वर्षांपासून लिहितात, एमपीथ्री वाटू नका अशी ताकीदही देतात. मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा लिहीत नाहीत.

कंपन्यांचं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. जेनेसिस या ब्रिटिश प्रोग बँडचा 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दौरा शंभरेक शोचा, गायक पीटर गेब्रिएलचा बँडसोबतचा शेवटचा, पूर्ण शोचं चित्रीकरण कुणी केलं नाही. २४ जानेवारी १९७५ चा लॉस एंजेलिसचा शो रेकॉर्ड झालेला होता आणि तो १९९८ मधे अधिकृत बॉक्स सेटमधे आला. पण गेब्रिएल त्या दौऱ्यात अंगभर फुगलेल्या गाठींचे पोशाख घालून गायचा, तोंडापर्यंत माइक नीट पोचायचा नाही, आवाज दबलेला यायचा, म्हणून वीस वर्षांनी स्टुडिओत बसून त्याने बरंचसं गाणं पुन्हा गाऊन त्यावर चढवलं, गिटारचेही काही भाग नव्याने वाजवले गेले. आता तो गायक त्याचा, आवाज त्याचा, त्याला हक्क आहे का? आहे. पण मग मुखपृष्ठावरची १९७५ ही तारीख खरी का? पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचा गळा चोविशीतल्या माणसाच्या रात्रीवर बसवला आणि त्याला लाइव्ह म्हटलं. त्या रात्री तो मुखवट्याआडून धापा टाकत काय गायला हे ऐकायचं तर रेडिओवरून उतरवलेली जुनी टेपच शोधावी लागली. किंग क्रिमसनच्या १९७५ च्या लाइव्ह एलपीवरही व्हायोलिनचे काही भाग नंतर दुसऱ्या वादकाकडून भरून घेतलेत. टेपवाल्यांचा एक चांगला नियम आहे, बँडने अधिकृत काढलं की आपण वाटणं थांबवायचं. मी तो पाळतो. पण अधिकृत म्हणून निघालेली वस्तू ती रात्रच नसेल, तर मग तो नियम इतिहास पुसायच्या कामी येतो, आणि तिथे मी तो पाळणार नाही.

राहिला कायदा. कायद्याने हे सगळं मोकळं नाही, याबद्दल मला शंका नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ ला वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला, आधी पंचवीस वर्षांचा, १९९९ ला तो पन्नास वर्षांचा झाला. आला ते चांगलंच झालं, कलाकाराला आधी काहीच नव्हतं. पण मुदती वाढवत नेल्या की काय होतं ते युरोपात बघा. तिथे २०११ च्या निर्देशाने रेकॉर्डिंगचं संरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षं केलं, पण अट अशी की पन्नास वर्षांत बाहेर काढलं नाही तर हक्क जाईल. मग बॉब डिलनच्या जुन्या टेपांच्या जेमतेम शंभर प्रती निघाल्या, बीटल्सची १९६३ ची रेकॉर्डिंग २०१३ च्या डिसेंबरात डाउनलोडला आली, आणि फ्लॉइडचे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे कितीतरी शो २०२१ आणि २०२२ च्या डिसेंबरात गाजावाजा न करता स्ट्रीमिंगवर येऊन पडले, त्यातले बरेच प्रेक्षकांनी केलेले, आवाज जेमतेम. ऐकायला लावलं तर टेप कुठून आली, कुणी केली, काय दुरुस्त केलं, याचा मागमूस दिसत नाही. ज्यांनी ती चाळीस वर्षं पलंगाखाली जपली त्यांचं नाव नाही, आणि संरक्षण मात्र वीस वर्षांनी वाढलं. हे जपणं झालं का? कायदा बदलायचाच असेल तर असा बदला की जो मूळ ट्रान्सफर सार्वजनिक ग्रंथालयात जमा करेल त्यालाच वाढीव मुदत मिळेल.

आणि हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण नवी यंत्रं आलीत. एकत्र मिसळलेल्या आवाजातून गायक वेगळा, गिटार वेगळी, गर्दी वेगळी काढणारी. बीटल्सचं २०२३ चं शेवटचं गाणं असंच एका जुन्या कॅसेटमधला आवाज सोडवून निघालं आणि मी ते डोळ्यांत पाणी आणून ऐकलं, त्यामुळे यंत्राला मी शत्रू मानत नाही. पण गर्दी वेगळी काढता आली की ती टाकून देता येते, हेही खरं. एप्रिल १९७५ मधे फ्लॉइड लॉस एंजेलिसला पाच रात्री वाजवत होते, त्या पाच रात्रींत पोलिसांनी पाचशेहून जास्त लोकांना पकडलं होतं. बाहेर ते चाललेलं, आत हजारो माणसं कधीच न ऐकलेलं वीस मिनिटांचं गाणं पहिल्यांदा ऐकतायत, कुणी शिट्टी मारतंय, कुणी शेजाऱ्याला गप्प बस म्हणतंय. ती कुजबुज म्हणजे घाण नव्हे, ती त्या रात्रीचा अर्धा भाग आहे. विल्सनने काय ठेवलं आणि काय काढलं यावर लोक भांडतायत, भांडू देत, मला त्याचं काम ऐकायला आवडलं. पण मिलार्डच्या टेपचं जुनं, हात न लावलेलं ट्रान्सफर लोकांकडे आहे म्हणून तर हे भांडण करता येतंय. मिलार्डने मरण्याआधी मूळ टेपा नष्ट केल्या असंच सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते, आणि त्या नंतर सापडल्या. उद्या फक्त साफ केलेली फाइल उरली तर भांडायलासुद्धा काही राहणार नाही.

माझ्या कपाटात अजून अकरा कॅसेट राहिल्यात, त्यातल्या तीन कुणाच्या आणि कधीच्या याची चिठ्ठीसुद्धा नाही. सिलिकाच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवल्यात. जूनच्या आधी सगळ्या डिजिटल करायच्या आहेत. काल रात्री पहिली लावली, स्क्रू फिरवत बसलो, पाऊण तास नुसती गोधडी, मग बाराच्या सुमारास झांजा उघडल्या आणि मागून कुणीतरी खोकलं, पन्नास वर्षांपूर्वी. तो खोकला मी ठेवलाय.